ते अरारोआवर पाण्याचा फिल्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

ते अरारोआ ही न्यूझीलंडच्या उत्तरेकडच्या केप रेइंगापासून दक्षिणेच्या ब्लफपर्यंत जाणारी सुमारे ३००० किलोमीटरची पायवाट. २०११ साली खुली झाली. सगळी चालायला साधारण चार ते पाच महिने लागतात. हा अनुभव ०.१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांच्या, पोकळ तंतूंच्या, पिशवी दाबून पाणी गाळायच्या फिल्टरचा.

वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, बॅटरी नको, आणि नवा असताना एक लिटर पाणी दोनेक मिनिटांत. उत्तर बेटावर वाट बराच काळ गुरांच्या कुरणांतून जाते. तिथला ओढा नितळ दिसला तरी त्यात जिआर्डिया किंवा कॅम्पिलोबॅक्टर हे जुलाब करणारे जंतू असू शकतात. दोन्ही या छिद्रांपेक्षा मोठे, म्हणून अडकतात. निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष मात्र पाण्यात विरघळलेलं असतं, ते आरपार जातं. नदीकाठी तसा थर दिसला तर ते पाणी भरूच नका.

पहिली तक्रार सोबतच्या पिशवीची. पिळून पिळून ती तोंडाजवळच्या जोडावर फाटते. दुकानातली एक लिटरची साधी बाटली जास्त टिकते. फक्त आटे नीट बसतात का ते आधी फिरवून बघा. आटे तिरके बसले किंवा आतला रबरी वॉशर निसटला की जोडातून कच्चं पाणी झिरपतं. तो थेंब फिल्टरच्या अंगावरून ओघळत थेट गाळलेल्या पाण्याच्या बाटलीत पडतो, आणि सगळी मेहनत वाया. दोन वॉशर जास्तीचे ठेवाच.

गाळाने धार मंदावते. गढूळ पाणी रात्रभर भांड्यात ठेवून वरचं तेवढं घ्या. रोज संध्याकाळी सिरिंजने स्वच्छ पाणी उलट्या दिशेने जोरात सोडा; हळू सोडलं तर पाणी मोकळ्या तंतूंतून वाट काढतं आणि तुंबलेले तसेच राहतात. सिरिंज जड वाटते म्हणून घरी ठेवण्याचा मोह होतो, तो टाळा. क्षार बसले असतील तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये भिजवून मग उलटं धुवा.

सर्वांत मोठा धोका थंडीचा. दक्षिण बेटावर वायाउ पास, स्टॅग सॅडल अशा उंच भागांत उन्हाळ्यातही रात्री पाणी गोठतं. एकदा ओला झालेला फिल्टर गोठला की आतले तंतू चिरतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. पाणी येतच राहतं. म्हणून तो झटकून, बंद पिशवीत घालून, स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी ठेवायचा. गोठल्याची शंका आली तर टाकून द्या, पैशांकडे बघू नका.

हाच फिल्टर सह्याद्रीत गडावरच्या टाक्यांसाठी वापरणार असाल तर तो एकटा पुरत नाही. काविळीचा हिपॅटायटिस ए विषाणू ०.१ मायक्रॉनपेक्षा कितीतरी लहान असतो. आधी गाळा, मग क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात आधी गोळी टाकली तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं.