गिअर लॉक, लपवलेलं बटण आणि ट्रॅकर: एक पावसाळा, एक दिवाळी वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. गाडी चावीने चालू होणारी असेल आणि रात्री रस्त्यावर लावावी लागत असेल, तर पहिले पैसे गिअर लॉकवर घाला, दुसरे इंधन-पंपाच्या लपवलेल्या बटणावर, आणि उरले तर जीपीएस ट्रॅकरवर. दुकानात नेमकं उलट्या क्रमाने गळ्यात मारतात. लॉक एकदा विकलं की विषय संपला, ट्रॅकरचं भाडं मात्र दरवर्षी येत राहतं.

माझी गाडी २०१८ची पेट्रोल स्विफ्ट, मॅन्युअल गिअरची. राहायला डोंबिवली पूर्वेला, जुन्या बिल्डिंगमध्ये. खाली पार्किंग नावालाच आहे, त्यामुळे रात्री गाडी गल्लीत. गेल्या उन्हाळ्यात समोरच्या बिल्डिंगमधली एक एसयूव्ही पहाटे गेली. सीसीटीव्हीत सगळं दिसतं: काच फुटली नाही, आवाज नाही. दोघं आले, दार उघडलं, एकजण स्टिअरिंगच्या खाली वाकला, आणि थोड्या वेळाने गाडी दिवे न लावता कोपऱ्यावरून वळली.

खाली वाकला तो ओबीडी पोर्टसाठी, म्हणजे मेकॅनिक गाडीच्या कॉम्प्युटरला आपलं यंत्र जोडतात त्या खोबणीसाठी. हल्लीच्या गाड्यांत चावीच्या मुठीत एक चिप असते. तिचा कोड जुळला नाही तर इंजिन चालू होत नाही. त्याला इमोबिलायझर म्हणतात आणि ती सोय खरंच कामाची आहे. अमेरिकेत ह्युंदाई-कियाच्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांत ती बसवलेलीच नव्हती, आणि २०२२ साली पोरं व्हिडिओ बघून यूएसबी केबलच्या टोकाने त्या गाड्या पळवत सुटली. आपल्याकडे ती असते, पण चावी हरवली तर नवी चावी गाडीला ‘ओळखवून’ देण्याची वाटही ठेवावी लागते. ती वाट बऱ्याच गाड्यांत त्या पोर्टातून जाते. चावीवाला आणि चोर यांच्या हातातलं यंत्र एकाच जातीचं असतं.

तर मी बसवलं ते असं. गिअर लॉक स्टेशनजवळच्या अॅक्सेसरीवाल्याकडून, साधारण अडीच हजारांत. मेकॅनिकने हँडब्रेकजवळचं प्लास्टिक उचकटलं, लोखंडी पट्टी गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळली, आणि शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला कट् आवाज करून बोल्टची मुंडी तुटून त्याच्या पान्यातच राहिली. मला वाटलं, गेला बोल्ट. तो म्हणाला, “काका, तुटायलाच पायजे. आता पाना लावायला जागाच राहिली नाही, खोलायचा तर ड्रिल आणा.” वापरायचं सोपं आहे: रिव्हर्स टाकायचा, यू आकाराची दांडी गिअरवरून सरकवायची, दाबायची. गाडी चालू झाली तरी जाईल ती मागेच. आमच्या गल्लीत मागे गटार आहे.

रोजचा वापर म्हणाल तर पहिले काही आठवडे वैताग येतो. मग हात आपोआप जातो. पावसाळ्यात मात्र कुलपाची चावी अडकायला लागली. गाडीत ओल्या छत्र्या, ओल्या चपला, बंद काचा; आतल्या पिना दमटपणाने गच्च झाल्या. तेल घालू नका, धूळ धरतं. पेन्सिलीचं शिसं किसून ती पूड चावीला लावून दोन-चारदा फिरवली, मोकळं झालं. आणि लॉकची दुसरी चावी गाडीच्या चावीच्या जुडग्यात ठेवू नका. सर्व्हिसिंगला देताना सगळं जुडगं देऊन मोकळे होतात लोक, आणि मग चाव्या कोणाकोणाच्या हातातून फिरून येतात ते देवालाच ठाऊक.

याची मर्यादाही सांगून टाकतो. पुढची चाकं उचलून टोईंग करून नेली तर हे लॉक काही करू शकत नाही, कारण स्विफ्टला इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना जाते आणि तीच हवेत असतात. मागच्या चाकांना फक्त हँडब्रेक. तरी आमच्या गल्लीत पहाटे टोईंग व्हॅन आणून गाडी उचलायची म्हणजे चार खिडक्या उघडणारच. चोराला हवी असते पटकन मिळणारी गाडी. खिडकीतून पिवळी दांडी दिसली की तो पुढच्या गाडीकडे वळेल, एवढीच अपेक्षा आहे. पुढची गाडी शेजाऱ्याची असते हे मला कळतं, म्हणून शेजाऱ्यालाही बसवायला लावलं.

दुसरं, लपवलेलं बटण. इंधन-पंपाला वीज देणाऱ्या रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचच्या) सर्किटमध्ये एक साधा स्विच टाकायचा, आणि तो फक्त आपल्याला माहीत असेल अशा जागी. मला हे सगळ्यात आवडलं. चोराने चावी ओळखवून घेतली, गाडी चालू झाली, तरी पाइपमध्ये राहिलेल्या दाबावर इंजिन काही क्षण चालतं आणि मग आचके देत बंद पडतं. पुन्हा चावी फिरवली की नुसता स्टार्टर घरघरतो. गाडी बिघडली असंच वाटतं. घरात बायकोनेही एकदा तसंच समजून मला ऑफिसात फोन केला होता, म्हणजे चालतंय हे सिद्ध झालं.

मात्र वायर कापून टेप गुंडाळणाऱ्याकडे जाऊ नका. रिलेच्या खोबणीत बसणारी जोडणी वापरणारा इलेक्ट्रिशियन शोधा, फ्यूज मूळ क्षमतेचाच ठेवायला सांगा. कच्चं जोडकाम म्हणजे चोरीच्या भीतीपोटी आग ओढवून घेणं. गाडी वॉरंटीत असेल तर या भानगडीत पडूच नका. वायरिंगला हात लागला की कंपनी इलेक्ट्रिकलच्या तक्रारींना हात वर करते. माझी वॉरंटी केव्हाच संपलीय.

आता ट्रॅकर. खोकं काडेपेटीहून थोडं मोठं, आत सिमकार्ड आणि छोटी बॅटरी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे तक्रार येणार आहे. नकाशावर गाडी दिसते, कोणी हलवली की मोबाइल वाजतो, मागच्या प्रवासाची रेघ दिसते. गणपतीला संगमेश्वरकडे गावी गेलो तेव्हा कशेडीच्या बोगद्यात आणि पुढे नेटवर्क नसलेल्या पट्ट्यांत तो गप्प होता. बाहेर आल्यावर मधला सगळा रस्ता त्याने एकदम भरून काढला, म्हणजे नोंदी आत साठवतो. चांगली गोष्ट आहे, पण यातच मेख आहे. गाडी एखाद्या गोदामाच्या तळघरात नेली किंवा सिग्नल दाबणारं यंत्र लावलं, तर आपल्याला दिसतो तो फक्त शेवटचा ठिपका. ट्रॅकर गाडी थांबवत नाही, गेल्याचं कळवतो. पहाटे तीनला मोबाइल सायलेंटवर असेल तर सकाळी कळवतो.

खरा उपयोग झाला तो भलत्याच ठिकाणी. मोबाइलवर चलन आलं, द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचं, आणि त्या वेळी गाडी घराखाली उभी. फोटो उघडून पाहिला तर गाडी पांढरीच, पण दुसऱ्याच मॉडेलची; नंबरातला एक आकडा मशिनने चुकीचा वाचला असणार. त्या दिवसाचा ट्रॅकरचा नकाशा जोडून ऑनलाइन तक्रार केली, काही आठवड्यांनी चलन रद्द झालं. शिवाय सर्व्हिसिंगला दिलेली गाडी ‘वॉशिंगला लागलीय’ असं फोनवर सांगत होते तेव्हा ती कल्याणला कुठल्याशा हॉटेलसमोर उभी होती. मी फक्त विचारलं, “वडा चांगला आहे का तिथला?” त्यानंतर तिथे गाडीला वागणूक बरी मिळते.

बॅटरीचा हिशेब मात्र कोणी दुकानदार सांगत नाही. मल्टीमीटर लावून पाहिलं. गाडी बंद, दारं लॉक, ट्रॅकर झोपलेला, तरी सगळं मिळून ४० मिलिअँपिअरच्या आसपास ओढलं जातं. म्हणजे दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-अवर. माझी बॅटरी ३५ची. तीन आठवडे गाडी हलली नाही तर निम्म्याहून जास्त चार्ज नुसता उभ्याउभ्या जातो, आणि बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर धक्काच मारावा लागेल. बाहेरगावी जाताना कोणाला तरी चावी द्या आणि आठवड्याला चांगला अर्धा तास गाडी फिरवायला सांगा. नुसती चालू करून बंद करण्याचा फायदा नाही.

मोबाइलवरून इंजिन बंद करण्याची सोयही देत होते, जास्तीचे पैसे घेऊन. घेतली नाही. घाटात उतरताना कोणाच्या तरी सर्व्हरच्या चुकीने इंजिन बंद पडलं तर ब्रेक दगडासारखा होतो आणि पॉवर स्टिअरिंग जातं. वेग अगदी कमी असतानाच बंद होईल अशी व्यवस्था असते म्हणतात. मला त्या ‘म्हणतात’वर आंबेनळी उतरायची नाही.

सायरन मी काढून टाकला. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीतल्या सगळ्या गाड्या एकमेकींना ओ देत होत्या, आणि एकही माणूस खिडकीत आला नाही. मांजर टपावर चढलं तरी तोच आवाज, चोर आला तरी तोच.

मेहुण्याची गाडी बटण दाबून चालू होणारी आहे, त्याचं दुखणं वेगळं. चावी खिशातच असते. गाडी १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते, चावी त्याहून कितीतरी वरच्या फ्रिक्वेन्सीवर उत्तर देते. एक चोर घराच्या दाराशी यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीशी, आणि गाडीची हाक घरातल्या चावीपर्यंत पोचवतात. चावी स्टीलच्या डब्यात ठेवा असं सगळे सांगतात. आम्ही करून पाहिलं: लाडवाच्या डब्यात चावी ठेवून डबा गाडीजवळ नेला, दार उघडलं. झाकण सैल होतं. ऑनलाइन मागवलेल्या जाळीच्या पाकिटात ठेवल्यावर उघडलं नाही. पाकीट आलं की आधी दारापाशी उभं राहून तपासा, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा, कारण घडीवर जाळी तुटते.

पण पाकिटानेही सगळं भागत नाही. लंडनमधल्या इयन टेबर या सुरक्षा-संशोधकाचीच टोयोटा २०२२मध्ये गेली. चोरांनी बंपर ओढून हेडलाइटची वायर उघडी केली आणि तिथून गाडीच्या अंतर्गत नेटवर्कला खोटा संदेश दिला की चावी बरोबर आहे. ते यंत्र साध्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात दडवलेलं मिळतं. एवढं वाचल्यावर मेहुण्याने स्टिअरिंगला लोखंडी दांडा लावला. लाखोंच्या गाडीत ते ध्यान दिसतं, पण दांड्याला संदेश कळत नाही.

नव्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटबद्दल एक गैरसमज सर्रास ऐकतो, की तिच्यात जीपीएस आहे. नाही. क्रोमियमचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि एकदा बसवला की तोडल्याशिवाय न निघणारा लॉक, एवढंच तिच्यात असतं. तिच्यामुळे खोटी प्लेट ओळखता येते, गाडी सापडत नाही. त्यापेक्षा फास्टॅगचा मेसेज कामाला येतो: चोर स्टिकर काढायला विसरला आणि टोलवरून गेला, तर पैसे कापल्याचा मेसेज टोलनाक्याच्या नावासकट आपल्याला येतो. फास्टॅगला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, बघून घ्या.

समोरच्या एसयूव्हीचं पुढे काय झालं? गाडी मिळाली नाही. विमा कंपनीने दोन्ही मूळ चाव्या मागितल्या, एफआयआर मागितला, आरटीओचे फॉर्म सह्या करून घेतले, आणि पोलिसांच्या ‘अ समरी’साठी (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही अशा अहवालासाठी) महिनोन्‌महिने थांबवलं. कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारण्याची भाषाही झाली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की एफआयआर लगेच झाला असेल तर निव्वळ विमा कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा दावा नाकारता येत नाही. तो निकाल दाखवल्यावर फाइल हलली. तरी पैसे मिळाले ते आयडीव्हीप्रमाणे, म्हणजे घसारा वजा करून.

माझी पॉलिसी नुकतीच रिन्यू केली. चोरीरोधक साधनाला ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात अडीच टक्के सूट असते, जास्तीत जास्त ५०० रुपये. माझा तो हप्ता सहा हजारांच्या आसपास, म्हणजे सूट दीडशे. एजंट म्हणाला, “काका, साधन एआरएआयने मान्य केलेलं लागतं, बसवल्याचा दाखला लागतो. दीडशेसाठी कुठे फिरता?” एआरएआय म्हणजे गाड्या आणि त्यांचे भाग तपासून प्रमाणित करणारी पुण्याची संस्था. तरी लॉकवाल्याकडे गेलो आणि तिचं प्रमाणपत्र मागितलं. त्याने ड्रॉवर धुंडाळला आणि मला एक की-चेन फुकट दिली.