म्हाडाचं विरार-बोळींजचं घर: पन्नाशीनंतर, गाठीला पैसा नसताना

मी ५१ वर्षांची, एका खाजगी हॉस्पिटलच्या लाँड्रीत सुपरवायझर आहे. नवऱ्याच्या आजारपणात होतं नव्हतं ते सगळं गेलं. तरीही म्हाडाच्या कोकण मंडळाचं विरार-बोळींजचं वन बीएचके आम्ही घेतलं. माझ्यासारख्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

घर 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' योजनेतलं, त्यामुळे सोडतीची वाट बघत बसावं लागलं नाही. किंमत २३ लाखांच्या आसपास आणि सगळी पांढऱ्यातली. आमच्यासारख्यांना हाच मोठा आधार, कारण बाहेर रीसेलला 'एवढे रोख द्या' म्हणतात आणि रोख रकमेवर कुठलीच बँक कर्ज देत नाही. अर्ज मुलाने ऑनलाइन भरला. 'आतून काम करून देतो' म्हणणारे भेटतील, पण म्हाडाने एजंट नेमलेलेच नाहीत. कुणालाही एक रुपया देऊ नका.

खरी कसोटी कर्जाची. एका फायनान्स कंपनीत माझं वय ऐकूनच फाइल परत सरकवली. नंतर एका सरकारी बँकेतल्या मॅडमनी कागदावर हिशोब मांडून दाखवला. माझ्या एकटीच्या नावावर कर्ज साठीपर्यंतच, म्हणजे नऊ वर्षांचं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता साडेसत्तावीस हजार. माझा पगार ३२ हजार! मग त्यांनी विचारलं, "मुलगा कमावतो ना? त्याला सहकर्जदार घ्या." मुदत वीस वर्षांची झाली आणि हप्ता अठरा हजारांवर आला. घराच्या किमतीपेक्षा ही मुदतच आमच्यासाठी निर्णायक ठरली. मुलाचं नाव फक्त कर्जात आहे, दस्त माझ्या एकटीच्या नावावर. त्यामुळे महिलांना मुद्रांक शुल्कात मिळणारी एक टक्का सूट हातची गेली नाही.

३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत, ते वेगळे उभे करावे लागतात. इथे बरेच जण अडकतात. आमचे दहा टक्के बहुतेक पीएफमधून आले. घरासाठी पीएफमधून काढलेली रक्कम परत भरायची नसते, फक्त सदस्यत्वाची किमान मुदत पुरी लागते. दस्ताच्या खर्चासाठी बांगड्या गहाण ठेवल्या, त्या अजून सुटायच्या आहेत. पंतप्रधान आवास योजना २.० मध्ये व्याज अनुदानासाठीही अर्ज केलाय. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच हप्त्यांत. कुटुंबात कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं, ही अट मात्र आहे.

आता घराबद्दल. सव्वातीनशे चौरस फुटांच्या आतबाहेर. लहान आहे, पण चाळीतल्या खोलीनंतर मला ते ऐसपैस वाटतं. हॉलमध्ये दिवाण आणि कपाट लावून चालायला वाट उरते. स्वयंपाकघराला खिडकी आहे, फोडणीचा धूर घरात कोंडत नाही. आणि मुख्य म्हणजे दर अकरा महिन्यांनी करार नवा करायचा, भाडं वाढवून द्यायचं, हे संपलं. विरार स्टेशनला जायला रिक्षा लागते. पहाटेची ड्युटी असणाऱ्यांनी एकदा त्या वेळेला जाऊन बघावं. पाण्याची चौकशी तिथे आधीपासून राहणाऱ्यांकडेच करावी, मी तशीच केली आणि मगच पैसे भरले.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो अंतरासाठी आणि हप्त्याशिवाय दरमहा द्याव्या लागणाऱ्या मेंटेनन्ससाठी. तो आधीच खर्चात धरा.

मूल कमावतं नसेल पण जुनी पेन्शन (निवृत्तीनंतर दरमहा ठरलेली रक्कम देणारी) असेल, तर एलआयसी हाउसिंग फायनान्सच्या 'गृह वरिष्ठ' कर्जाची चौकशी करा. त्यात परतफेड वयाच्या ८० पर्यंत चालते. मला पेन्शन नाही म्हणून ते बसलं नाही, पण माझ्या नणंदेने तिथे अर्ज केलाय.