छापील विक्री करारनामा: जुन्या जेसीबीच्या व्यवहाराला कितपत पुरतो?

मुद्रांक विक्रेत्याच्या टेबलावर मिळणारा दोन पानी ‘वाहन विक्री करारनामा’ जुन्या जेसीबीच्या व्यवहारातही सर्रास वापरला जातो. नावं, गाडी नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर, रक्कम, सह्या, दोन साक्षीदार, की झालं. मोटारसायकलीला तेवढं पुरतं. दहा-बारा लाखांच्या मशीनला पुरत नाही. तरी तो टाकाऊ नाही. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर हाच मजकूर घ्यावा आणि त्याला आपली दोन पानं, म्हणजे जोडपत्र, जोडावीत.

यातला सर्वांत उपयोगी रकाना ताब्याचा. तिथे तारखेबरोबर वेळही लिहायची असते, आणि बहुतेक जण नेमकी तीच कोरी सोडतात. सकाळी अकराला ताबा दिला आणि दुपारी मशीनने कुणाचा पाय मोडला, तर मशीन कोणाच्या हातात होतं हे त्या एका ओळीवरून सांगता येतं.

त्याखालचं वाक्य मात्र धोक्याचं आहे: ‘आजपासून सर्व जबाबदारी खरेदीदाराची.’ हे विकणारा आणि घेणारा या दोघांपुरतंच खरं. अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून फॉर्म २९ (विक्रीची खबर) आणि फॉर्म ३० (मालकी बदलाचा अर्ज) यांवर त्याच बैठकीत सह्या व्हाव्यात. विकणाऱ्याने विक्रीची खबर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत द्यायची, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. फॉर्म २९ च्या दोन प्रती भराव्यात आणि पोच असलेली प्रत विकणाऱ्याने जपून ठेवावी. विम्याच्या नावबदलाला १४ दिवस मिळतात. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय इसारापलीकडे पैसा देऊ नये.

सगळ्यांत कच्चा भाग वर्णनाचा. छापील रकान्यात चासी आणि इंजिन एवढंच येतं. जोडपत्रात डेटा प्लेटवरचा मशीनचा अनुक्रमांक लिहावा, गिअरबॉक्स आणि दोन्ही आक्सलवरचे नंबर वाचता आले तर तेही, आणि प्लेटचा फोटो चिकटवून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. इंजिन नंबर आरसीवरून उतरवू नये, ब्लॉकवर फडकं मारून वाचावा. काम अडू नये म्हणून इंजिन बदललेलं असतं, आरसीवर नोंद केलेली नसते, आणि मग तपासणीत नामांतर अडतं.

अवर मीटरचा, म्हणजे मशीन किती तास चाललं त्याचा, आकडा लिहिताना ‘मीटर मूळ आहे की बदललेला’ हा प्रश्न लेखी विचारावा. बदललेला असेल तर जुन्या सर्व्हिस नोंदींतले तास सोबत लावावेत. मशीनला टेलिमॅटिक्स (मशीनचा ठावठिकाणा मोबाइलवर कळवणारी यंत्रणा) असेल तर ते खातंही नव्या मालकाच्या नावे करून घ्यावं, नाहीतर मशीन कुठे चाललंय हे जुना मालक मोबाइलवर पाहत राहतो. जोड-अवजारं एकेक करून मोजावीत: बकेट किती आणि किती रुंदीच्या, ब्रेकर, त्याचा छिन्नी-रॉड, ब्रेकरची पाइपलाइन. ‘सर्व सामानासह’ हे दोन शब्द ब्रेकरवरून हमखास भांडण लावतात. ‘आहे त्या स्थितीत’ या कलमाखाली दिसलेले दोषही लिहावेत: पिन-बुशची ढिलाई, बूमच्या सिलिंडरची गळती, टायरची झीज. लिहिलेल्या दोषाबद्दल नंतर कोणाला तक्रार करता येत नाही, आणि यात विकणाऱ्याचाच फायदा जास्त.

कराबद्दल हा कागद गप्प आहे. विकणारा कंत्राटदार जीएसटी नोंदणीकृत असेल तर वेगळं टॅक्स इन्व्हॉइस लागतंच. मशीन घेताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) घेतलं असेल तर दोन आकड्यांतला मोठा भरावा लागतो: दर तिमाहीला (अपुरी धरून) ५ टक्के वजा केलेलं क्रेडिट, किंवा विक्री किमतीवरचा कर. २५ लाखांवर साडेचार लाख क्रेडिट घेतलेलं मशीन तेराव्या तिमाहीत १२ लाखांना विकलं, तर पहिला आकडा १,५७,५०० आणि दुसरा, १८ टक्क्यांनी, २,१६,०००. म्हणजे भरायचे २,१६,०००. ‘१२ लाख’ हे करासह की करावेगळे, हे करारात लिहिलेलं नसेल तर ही रक्कम कोणाच्या खिशातून जायची यावर वाद होतो. रक्कम बँकेतूनच घ्यावी. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही.

चेन मशीनला, म्हणजे ज्याला साइटवर पोकलेन म्हणतात त्याला, हा छापील कागद वापरूच नये. त्याची आरटीओ नोंदणी होत नाही, त्यामुळे गाडी नंबराचा रकाना कोरा राहतो आणि मालकीचा पुरावा म्हणून मूळ खरेदीचं इन्व्हॉइस उरतं. प्रत्येक फेरविक्रीचं इन्व्हॉइस साखळीने जोडलेलं असावं. कर्जाचा बोजा आरसीवर दिसणार नाही, म्हणून सेरसाईच्या (तारण कर्जांची केंद्रीय नोंदवही) संकेतस्थळावर शोध घ्यावा, विकणारी कंपनी असेल तर तिच्या नोंदीतले बोजेही पाहावेत, आणि फायनान्सरचं कर्जफेडीचं पत्र मूळ प्रतीतच मागावं. ट्रेलरवर चढवण्याआधी ई-वे बिल (जीएसटीतला माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) काढावं, त्यावर तोच अनुक्रमांक टाकावा जो करारात आहे.