नॉइज गेट घ्यावा की ट्यूब अँप दुरुस्त करून घ्यावा?

ठाणे-नवी मुंबईत फ्लॅटमध्ये ट्यूब अँप (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटार अँप्लिफायर) वाजवायचा म्हणजे शेजाऱ्यांमुळे मास्टर व्हॉल्यूम दोनच्या वर जात नाही. स्टेजवर विजेची जी सततची घुं कानावरही येत नाही, ती इथे गिटारच्या बरोबरीने ऐकू येते. मग एकतर नॉइज गेट, म्हणजे सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की आवाज बंद करणारं पेडल, घ्यायचा, नाहीतर अँप उघडून कारण शोधायचं. मी दुसरं निवडलं. पण काहींसाठी गेटच योग्य आहे, म्हणून दोन्ही बाजू.

आधी बिनखर्चाची चाचणी. केबल अँपमधून काढा. आवाज थांबला तर दोष गिटार, पेडल, केबल किंवा खोलीत. सिंगल कॉइल पिकअप असेल तर गिटार हातात धरून जागच्या जागी फिरा. एखाद्या दिशेला घुं कमी होत असेल तर पिकअप आसपासच्या वायरिंग-ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र पकडतोय. कर्कश घर्रर्र असेल तर डिमर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी दिवे एकेक बंद करून पाहा. लॅपटॉप-इंटरफेस जोडल्यावरच घुं सुरू होते? तो अर्थ लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने येणारा आवाज. लॅपटॉप आणि अँप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. अर्थची पिन मात्र कधीही काढू नका. घुं थांबेल, पण अँपमध्ये बिघाड झाला तर २३० व्होल्ट थेट गिटारच्या तारांवर येतील.

गेट खरा उपयोगी पडतो तो हाय-गेन पेडलच्या 'सूं'साठी. सेंड-रिटर्न (मध्ये दुसरं पेडल जोडायचे जॅक) असलेला घ्यावा: गिटार गेटच्या इनपुटला, डिस्टॉर्शन त्याच्या लूपमध्ये. म्हणजे गेट कधी उघडायचा हे पेडलच्या आधीच्या स्वच्छ सिग्नलवर ठरतं. थ्रेशोल्ड (गेट ज्या पातळीला उघडतो-मिटतो ती) शून्यावरून हळूहळू वाढवत न्यायचा आणि 'सूं' जाते तिथेच थांबायचं. चग-चग रिफ वाजवणाऱ्याला याहून जास्त काही लागत नसावं.

माझं मन उडालं ते स्वराच्या शेपटामुळे. बेंड धरून ठेवावा, स्वर विरत जावा आणि गेटने तो मध्येच कापावा. थ्रेशोल्ड खाली आणला तर विरता स्वर फडफडत तुटतो. शिवाय वाजवताना गेट उघडाच असतो, म्हणजे स्वराखाली घुं तशीच. सतत चालणाऱ्या घुंपेक्षा अशी ये-जा करणारी घुं माझ्या कानाला जास्त खुपते. आणि अँपच्या आधी लावलेला गेट अँपमध्येच तयार होणाऱ्या आवाजाला हातही लावू शकत नाही. अँपच्या इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीअँप आणि पॉवर अँपच्या मधल्या जॅकमध्ये) लावला तर प्रीअँपपुरता, म्हणजे अँपच्या पहिल्या टप्प्यापुरता, चालतो, त्यापुढे नाही.

केबल काढूनही आवाज राहिला, तर दुरुस्तीची दिशा कानानेच कळते. आपली वीज ५० हर्ट्झची. जाड ई तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे जी, ९८ हर्ट्झ. घुं साधारण त्याच सुरात असेल तर ती १०० हर्ट्झची; त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५० ची. परदेशी लेखांत ६० आणि १२० वाचून गोंधळू नका. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही १०० ची घुं राहिली तर वीजपुरवठा सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर थकलेत किंवा पॉवर ट्यूबची जोडी जुळत नाही. ५० ची असेल तर संशय हीटरच्या (ट्यूब तापवणाऱ्या फिलामेंटच्या) तारांवर, ट्यूबमधल्या हीटर-कॅथोड गळतीवर किंवा अर्थवर. ट्रान्सफॉर्मरच्या ६.३ व्होल्ट हीटर वाइंडिंगला सेंटर टॅप (मधोमध काढलेली तार) नसेल आणि दुसरीकडूनही ते अर्थला जोडलेलं नसेल, तर दोन्ही टोकांपासून चासीला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) १००-१०० ओहमचे अर्ध्या वॉटचे रेझिस्टर लावतात. पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

आवाज व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर इनपुटजवळची पहिली १२एएक्स७ (प्रीअँपची छोटी ट्यूब) बदलून पाहा; तिचा दोष पुढे सगळीकडे वाढत जातो. लाकडी काडीने टिचकी मारल्यावर खणखणली तर ती मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे हादरे माइकसारखे पकडते आहे. एक ट्यूब सहसा चांगल्या गेटपेक्षा स्वस्त पडते. चरचर येत असेल तर ट्यूबच्या प्लेटला जोडलेले १०० के (किलोओहम) कार्बन रेझिस्टर काढून मेटल फिल्म लावावेत. पण खाडीकाठच्या दमट हवेत, पावसाळ्यानंतर विशेषतः, आधी ट्यूब सॉकेट आणि जॅक काँटॅक्ट क्लीनरने साफ करावेत. सॉकेटमध्ये फवारा मारून ट्यूब दोन-तीनदा आत-बाहेर करायची, तीही अँप बंद, प्लग काढलेला आणि ट्यूब थंड असताना.

कपॅसिटरचं काम मात्र जाणकाराकडेच द्या. प्लग काढल्यावरही आत ३००-४५० व्होल्ट टिकून राहू शकतात. मीटरने तपासल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. सुटे भाग लॅमिंग्टन रोडला पाहावेत. कपॅसिटरवर लिहिलेलं व्होल्टेज मूळ इतकं किंवा जास्त चालतं, पण रेक्टिफायर ट्यूब (एसीचं डीसी करणारी) असलेल्या अँपमध्ये पहिल्या कपॅसिटरचे मायक्रोफॅरड वाढवू नयेत, त्या ट्यूबवर ताण येतो. गेट घ्यायचाच असेल तर तो या कामानंतर घ्या. तेव्हा थ्रेशोल्ड बराच खाली ठेवता येतो आणि स्वराचं शेपूटही पुष्कळसं वाचतं.