भुरीला जर्मनीत आणून सव्वा वर्ष झालं: लस, चिप आणि तारखांचा अनुभव

भुरी आमची गावठी कुत्री. कोथरूडला सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे सापडली तेव्हा जेमतेम महिन्याची होती, जर्मनीला निघालो तेव्हा सहा वर्षांची. नवऱ्याची बदली फ्रँकफर्टजवळ ठरली, तेव्हा पहिल्याच दिवशी चार जणांनी सांगितलं, "तिला कुणाला तरी देऊन टाका." तो विचार आमच्या घरात कुणीच केला नाही. सासूबाई तर म्हणाल्या, "ती जाणार नसेल तर तूही उशिरा जा." झालंही तसंच. नवरा जानेवारी २०२४ मध्ये पुढे गेला आणि मी भुरीसाठी पाच महिने मागे राहिले.

त्या पाचातला एक महिना वाया गेला, तो एका चुकीपायी. म्हणून तेच आधी सांगते.

भुरीची रेबीजची लस दरवर्षी वेळेवर व्हायची. शेवटची नोव्हेंबर २०२३ ची. प्राणी परदेशी पोहोचवण्याची कामं करणाऱ्या एका एजंटने कार्ड बघून सांगितलं, "लस चालू आहे, फक्त चिप बसवून घ्या." जानेवारीत चिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळख क्रमांकाची बारीक चकती, बसवली; महिनाअखेरीस रक्त काढायचं ठरलं. कागद तपासायला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कार्डावरच्या दोन तारखांवर बोट ठेवलं: लस नोव्हेंबरची, चिप जानेवारीची. युरोपियन युनियनच्या नियमात चिप लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी असावी लागते. चिपच्या आधीची लस नेमकी याच कुत्र्याला दिली, हे कागदावर सिद्ध होत नाही, त्यामुळे ती धरतच नाहीत. भुरीच्या सहा वर्षांच्या सगळ्या लसी शरीरात होत्या, पण प्रवासाच्या हिशेबात शून्य.

८ फेब्रुवारीला नव्याने लस दिली. टोचण्याआधी डॉक्टरांनी स्कॅनर फिरवून चिपचा आकडा वाचला, मग बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवलं, बॅच नंबर दिसेल असं. हे दोन्ही आग्रहाने करून घ्या. नुसता शिक्का आणि सही पुरत नाही.

त्यानंतर टायटर. भारत युरोपच्या सवलतीच्या यादीत नाही, त्यामुळे लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून त्यातली रेबीजविरोधी प्रतिपिंडं मोजावी लागतात, तीही युरोपियन युनियनने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत. ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त हवीत. आम्ही १२ मार्चला रक्त काढलं. दवाखान्यातच सीरम वेगळं केलं आणि बर्फाच्या डब्यातून कुरिअरने परदेशी पाठवलं. पाठवण्याआधी फॉर्म पुन्हा वाचला, तर चिपच्या १५ आकड्यांतले दोन उलटसुलट लिहिलेले. ते तसंच गेलं असतं तर अहवाल दुसऱ्याच कुत्र्याचा ठरला असता. तेव्हापासून मी चिपचा आकडा कुणालाही तोंडी सांगत नाही, बारकोडचं स्टिकरच देते.

अहवाल तीन आठवड्यांनी आला: ४.५. त्या दिवशी मी भुरीला उकडलेली कलेजी घातली आणि सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

पण अहवाल आला म्हणून निघता येत नाही. रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबावं लागतं. अहवालाच्या तारखेपासून नव्हे, हे नीट ध्यानात घ्या. आमचे १२ जूनला पूर्ण झाले. या थांबण्यावर वैतागलेले बरेच लोक भेटले. मी वैतागले नाही. माझ्या वडिलांना लहानपणी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, पोटात चौदा इंजेक्शनं घेतल्याची गोष्ट ते साठीतही शर्ट वर करून सांगायचे. रेबीजची लक्षणं दिसायला आठवडे, कधी महिने जातात. लसीच्या आधीच संसर्ग झालेला असेल तर तो या थांबण्याच्या काळात बहुतेक वेळा उघडा पडतो. जर्मनीने जंगलातल्या कोल्ह्यांना आमिषातून लस खायला घालून हा रोग हटवला. २००६ मध्ये तिथला शेवटचा रेबीजग्रस्त कोल्हा सापडला आणि २००८ मध्ये देश रेबीजमुक्त जाहीर झाला, वटवाघळांमधला प्रकार तेवढा सोडून. एवढ्या कष्टाने मिळवलेलं ते जपणारच. आपल्याकडे आजही माणसं या रोगाने मरतात, आणि लस मात्र काही शे रुपयांत मिळते.

त्या तीन महिन्यांत दुसरं काम केलं, पिंजऱ्याची सवय. उभं राहता, वळता, पसरता येईल एवढा मोठा पिंजरा दिवाणखान्यात आणून ठेवला, दार काढून. पहिला आठवडा ती फिरकली नाही. मग माझी जुनी साडी आत टाकली, तर दुपारची झोप तिथेच सुरू झाली. झोपेचं औषध देऊ का असं मी विचारलं होतं. डॉक्टर ठाम नाही म्हणाले, कारण उंचावर त्याने श्वास आणि रक्तदाबाला धोका होतो. त्यांचं ऐकलं ते बरं केलं.

शेवटचे दहा दिवस धावपळीचे. युरोपचं आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यकाचं लागतं आणि ते दिल्यापासून दहा दिवसांत तिथे पोहोचावं लागतं. मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाइनच्या कार्यालयात भुरीला घेऊन गेले, सोबत लसीचं कार्ड, टायटरचा मूळ अहवाल आणि सगळ्याच्या तीन-तीन प्रती. १९ जूनला पहाटे फ्रँकफर्टला उतरलो. तिथे चिप वाचली, कागद पाहिले, शिक्का मारला. क्वारंटाइन नाही, काही नाही. अर्ध्या तासात भुरी विमानतळाबाहेरच्या गवतावर उभी होती आणि नवरा तिच्या गळ्यात पडून रडत होता.

आता सव्वा वर्षानंतर मागे बघताना जे खरंच कामाचं वाटतं, ते वेगळंच आहे. टायटर ही आयुष्यात एकदाच करायची तपासणी आहे, पण बूस्टर एक दिवसही चुकता कामा नये. चुकलं तर लस पुन्हा पहिली धरतात आणि रक्त, तीन महिने, सगळं पुन्हा पहिल्यापासून. पुण्याच्या कार्डावर भुरीची लस एक वर्षाची होती, म्हणून मी २७ जानेवारी २०२५ लाच इथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी जुने कागद शांतपणे वाचले, बूस्टर दिलं आणि भुरीचा निळा युरोपियन पासपोर्ट बनवला. मी मुद्दाम सांगून टायटरचा निकालही त्यात नोंदवून घेतला. ती नोंद असली तर पुढे भारतात जाऊन परत येताना तीन महिन्यांचं थांबणं लागत नाही. नोंद मात्र युरोप सोडण्याआधीच झालेली हवी.

म्हणून ज्यांची बदली अजून नुसती हवेत आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं: आजच चिप बसवा, त्याच दिवशी लस द्या, महिन्याने रक्त पाठवा. गेलात तर पाच महिने वाचतील, नाही गेलात तर कुत्र्याला चिप आणि चांगली लस मिळाली, नुकसान काहीच नाही. टायटरचा खर्च काही हजारांत जातो, हे खरं. पण घाईत पिंजरा, तिकीट, एजंट यांवर जातो त्यापुढे तो थोडा.

आणि देश बदलला की नियम बदलतात. ब्रिटनलाही टायटर आणि तीन महिने लागतात, वर कुत्र्यांना पट्टकृमीचं औषध पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी द्यावं लागतं. आयर्लंड, फिनलंड, माल्टा, नॉर्वेलाही तेच औषध. जपानला लसी दोन आणि रक्तानंतर थांबायचं १८० दिवस. माझ्या नणंदेने आमचे कागद बघून टोकियोची तयारी सुरू केली होती, तिला वेळीच थांबवलं.

भुरी आता घरामागच्या रानात रोज दोन तास फिरते. मागच्या आठवड्यात पायवाटेवर कोल्हा समोर आला, दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि तो झुडपात शिरला. मी जागची हलले नाही, पण घाबरलेही नाही. तिची लस २६ जानेवारी २०२८ पर्यंत आहे. मी तिला डिसेंबरातच नेणार आहे.