दारावर घेतलेलं पाण्याचं मशीन, आठ महिन्यांनंतर

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात तुरीची डाळ शिजत नाही. प्यायला नळानं शहानूर धरणाचं पाणी येतं, पण रोज येईलच असं नाही. तेव्हा पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा दारात आला की आमच्याकडं त्याला बसायला खाट मिळतेच.

पोरगा भर दुपारी आला. गळ्यात टाय, बुटांवर धूळ. सासूबाईंनी रांजणातलं गडूभर पाणी दिलं. ते त्यानं प्यायलंच नाही. दोन ग्लास काढले, एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. त्यात सळया बुडवून पिन बोर्डात खोचली. मिनिटभरात आमचं पाणी हिरवट, मग तांबूस, वर घाण फेस. त्याचं नितळच. "आजी, हेच पोटात जाते." सासूबाईंचा चेहराच उतरला. "बाप्पा, नातवाले हे पाजलं म्या?"

तेव्हा नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत हजर. तिसऱ्यांदा आला तो आमचे हे वावरात गेल्यावर, आणि "स्कीम आजच संपते". 9,500 ला घेतलं. (थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांत घरी यायच्या आधी वेळ घ्या, ओळखपत्र ठेवा असं आहे, हे मला नंतर कळलं.)

दिवाळीत बारावी सायन्सची पुतणी आली, ऐकून हसतच सुटली. तिनं मशीनच्याच पाण्यात चमचाभर मीठ टाकलं, दोन लोखंडी खिळे चौकोनी बॅटरीला जोडून बुडवले. थोड्या वेळात तेही तांबडं! पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळईचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं. ती घाण सळईची, पाण्याची नाही. मशीनच्या पाण्यात क्षार खूप कमी असतात, म्हणून ते नितळ राहतं.

मीटर लावला तर नळाचं पाणी 260 टीडीएस (लिटरमागं तेवढे मिलिग्रॅम विरघळलेले क्षार). भारतीय मानकात 500 पर्यंत चांगलं धरतात. म्हणजे नळाच्या पाण्यासाठी या मशीनची गरजच नव्हती. बोअरचं मात्र 1,900, ते मशीनमधून 110 होऊन येतं, आणि त्यात डाळ शिजते, लोण्यासारखी. एवढं खरं. पण एक गुंड (हंडा) पाण्यामागं तीन गुंड खारं पाणी वाया जातं. ते मी भांड्यांना, गोठा धुवायला वापरते, झाडांना घालत नाही. लाइन गेली की मशीन बंद.

सर्व्हिस कागदावर वर्षभर फुकट. पाचव्या महिन्यात फिल्टर तुंबला, तर फोन कोणी उचलेना. शेवटी दर्यापूरच्या मेकॅनिकनं 1,400 घेऊन बदलला. मशीनला पाचपैकी तीन, विकणाऱ्यांना शून्य.

मागच्या आठवड्यात दुसरा पोरगा आला, गॅस वाचवायची जाळी घेऊन. सासूबाईंनी गडू दिला आणि समोरच उभ्या राहिल्या. "पयले पानी पे बाबू, मंग पिशवी उघड."