चार पिन आणि तीन पिन : एलईडी पट्टीच्या नावाखाली ९,७६९ रुपये गेले

आधी आकडाच सांगतो. ९,७६९ रुपये. आणि ते माझे नव्हते, सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीतले होते. बेचाळीस घरांनी दिलेले पैसे, आणि ह्यावर्षी मखराची लाइटिंग मी बघतो असं मीटिंगमध्ये हात वर करून मीच सांगितलेलं. त्यामुळे लाज किती वाटली ते विचारू नका. तरी लिहितोय, कारण दिवाळी तोंडावर आहे आणि ही फसवणारी माणसं आता पुन्हा सुरू होणार.

गणपती २७ ऑगस्टला होते (२०२५). मी २ ऑगस्टला ऑर्डर दिली. मोबाईलवर व्हिडिओ आला होता, मखराच्या मागे निळी-केशरी लाट पळतेय, प्रत्येक दिवा वेगळा पेटतोय. म्हणजे अख्खी एकाच रंगात पेटणारी साधी आरजीबी नाही, प्रत्येक दिवा वेगळा चालणारी पिक्सेल पट्टी, डब्ल्यूएस२८१२बी. हे नाव मी स्वतः व्हिडिओवाल्या विक्रेत्याला मेसेजमध्ये लिहून विचारलं होतं, "डब्ल्यूएस२८१२बीच आहे ना, ५ व्होल्ट?" त्याचं उत्तर, "हो सर १००% ओरिजिनल." स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. ५ मीटरचे ४ रोल प्रत्येकी १,२९० प्रमाणे ५,१६०, दिव्यांचे रंग चालवणारा कंट्रोलर ७८०, पॉवर सप्लाय १,१५०, कुरिअर १६०. टोटल ७,२५०, सगळे आधी यूपीआयने. कॅश ऑन डिलिव्हरी नाही म्हणाला, "गणपतीचा सीझन आहे सर, लोक पार्सल परत पाठवतात". मला ते पटलं. आता कोणी म्हणेल का पटलं, तर अहो सीझनला खरंच सगळे असंच म्हणतात, आपण मंडपवाल्याला आणि ढोलवाल्याला पण आधीच देतो ना पैसे.

पार्सल ९ ऑगस्टला आलं, राखीपौर्णिमा होती, बहीण आलेली, सगळे घरात. मी डायनिंग टेबलवर सगळं काढून मांडलं. आणि इथेच, अगदी इथेच मला कळायला हवं होतं.

पट्टीच्या टोकाला जो कनेक्टर होता त्याला चार भोकं. काळी, हिरवी, लाल, निळी वायर. कंट्रोलरच्या वायरीला तीन पिनचा कनेक्टर, लाल, हिरवी, पांढरी. एका हातात हा, एका हातात तो, मी दोन-तीनदा फिरवून बघितलं, बसणारच कसं. माझी मुलगी आठवीत आहे, ती शेजारी बसून पट्टी वाचत होती, कारण पट्टीवर कापायच्या खुणेपाशी बारीक अक्षरं असतात, आणि ती म्हणाली, "बाबा इथे १२ व्ही लिहिलंय आणि डब्यावर ५ व्ही." मी तिला म्हटलं थांब गं, मधे बोलू नकोस. हे वाक्य मला अजून रात्री आठवतं. माझं कामच भोसरीत एका कंपनीत इनवर्ड इन्स्पेक्शनचं आहे, चौदा वर्षं. आलेला माल ड्रॉइंगला लावून बघायचा आणि जुळला नाही तर लाल टॅग लावून बाजूला ठेवायचा. कंपनीत हा माल असा आला असता तर मी गेटवरूनच परत पाठवला असता. घरी पाहुणे होते, डोक्यात मखर होतं, आणि समोरचा माणूस इतकं गोड बोलत होता की मी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही.

त्याला फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर. "सर फक्त कनेक्टर चेंज आहे, नवीन लॉटमध्ये कंपनीने बदललाय, कनेक्टर सेट घ्या ६४० रुपये." दिले. १४ तारखेला चार छोट्या वायरी आल्या, एका बाजूला तीन पिन, दुसरं टोक उघडं. ह्या वायरी बाजारात दहा-वीस रुपयांना एक मिळतात हे मला नंतर कळलं. मग म्हणाला टेक्निशियन व्हिडिओ कॉलवर जोडून देईल, ४९९. तेही दिले. त्या टेक्निशियनने मला काय करायला लावलं नीट वाचा, कारण सगळा डाव इथे आहे. त्याने पट्टीचा मूळ चार पिनचा कनेक्टर मला कात्रीने कापायला लावला. "लाल लालला, हिरवी हिरवीला, काळी पांढरीला, निळी सोडून द्या." मी चारही रोलचे कापले. काहीच पेटलं नाही. पेटणारच नव्हतं.

कारण ती पिक्सेल पट्टी नव्हतीच, साधी १२ व्होल्टची आरजीबी होती. साध्या पट्टीत एक वायर कॉमन प्लस आणि बाकी तीन म्हणजे तीन रंग, अख्खी पट्टी एका वेळी एकाच रंगात पेटते. पिक्सेलला तीन वायरी, प्लस, मायनस आणि मधली डेटाची, म्हणजे कुठला दिवा कसा पेटवायचा ते सांगणारी, आणि प्रत्येक दिव्याच्या आत स्वतःची चिप. त्यात बऱ्याच साध्या पट्ट्यांमध्ये काळी वायर हीच प्लस असते, जी आपण सगळे मायनस समजतो. चार पिनला तीन पिन बसत नाही तेव्हा ती कनेक्टरची अडचण नसते हो, वस्तूच वेगळी असते! जगातला कुठलाही कनेक्टर त्या दोघांना जोडू शकत नाही. हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं.

मग शेवटचं. "सर तुमचा पॉवर सप्लाय कमी पडतोय, १२ व्होल्टचा अडॅप्टर पाठवतो, अर्जंट कुरिअरसकट १,३८०." गणपती पाच दिवसांवर, सोसायटीच्या ग्रुपवर रोज कोणीतरी विचारतंय लाइटिंग कुठपर्यंत आली. दिले मी. हो, दिले. ज्याला वाटतं की तो नसता देता, त्याने बेचाळीस घरांना आणि सेक्रेटरीला तोंड देऊन बघावं. अडॅप्टर आला, लावला, कंट्रोलरमधून टक् असा आवाज आला आणि जळकं प्लॅस्टिक वास मारायला लागलं. कंट्रोलरच्या मागे बारीक अक्षरात फक्त ५ व्होल्ट लिहिलेलं होतं.

रिप्लेसमेंट मागितली तर उत्तर आलं, "सर आपण वायर कट केली आहे, वॉरंटी व्हॉइड." स्वतःच कापायला लावायचं आणि कापलं म्हणून माल परत घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

७,२५० अधिक ६४० अधिक ४९९ अधिक १,३८०.

पुण्यात तापकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या बाजारात, एका दुकानदाराला पट्टी दाखवली, त्याने दिव्याकडे बघूनच सांगितलं. पिक्सेलच्या दिव्यात आत बारीक काळा ठिपका दिसतो, ती चिप, आणि पट्टीवर बाण छापलेला असतो, डेटा कुठल्या बाजूने जातो त्याचा. माझ्या पट्टीवर ना ठिपका ना बाण. असा रोल गल्लीत चारशे-पाचशेला मिळतो म्हणाला. आणि पॉवर सप्लाय बघून तर त्याने कपाळाला हात लावला, कारण खरी पट्टी असती तरी २० मीटरला, मीटरला ६० दिवे धरले तर १,२०० दिवे, एकेकाला पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअँपिअर, म्हणजे ७२ अँपिअर, आणि मला दिलेला होता १० अँपिअरचा. हा गुणाकार पैसे देण्याआधी करा, दोन मिनिटं लागतात.

आता तक्रारीचं ऐका. बँकेत गेलो, तिथली मॅडम म्हणाली, "यूपीआय पिन तुम्हीच टाकलाय ना, मग हे अधिकृत ट्रान्झॅक्शन आहे, आम्ही काही करू शकत नाही." अर्ज तरी घ्या म्हटलं, तर ऑनलाइन टाका. ऑनलाइन टाकला तर तीन दिवसांनी मेसेज, तक्रार निकाली काढली आहे. काय निकाली काढलं? कोणी एक फोन तरी केला का? चौकीत गेलो तर सगळे बंदोबस्तात, विसर्जनानंतर या. विसर्जनानंतर गेलो, तासभर बाकावर बसवून ठेवलं, मग साहेब म्हणाले, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला." मी विचारलं, खोक्यात दगड पाठवले असते तर तक्रार घेतली असती का? म्हणाले हो, मग बघितलं असतं! म्हणजे चोराने दगडाऐवजी साधी पट्टी पाठवली एवढ्यावर तो सुटला. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, खोटं सांगून माणसाकडून पैसे काढणं, माझ्याकडे त्याचं लेखी खोटं आहे, पण वाचायला वेळ कोणाला. स्क्रीनशॉटची प्रिंट काढून नेली होती, ३० रुपये लागले, ती टेबलावरच राहिली, कोणी उलटून पाहिली नाही. ग्राहक तक्रारीच्या एका ऑफिसात गेलो, तर तिथे पहिला प्रश्न, विरुद्ध पार्टीचा पत्ता काय. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या केसला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, हे सगळं छान आहे, पण नोटीस पाठवायची कुठे? बिल नाही, जीएसटी नंबर नाही, पार्सलवर पाठवणाऱ्याच्या जागी फक्त एक मोबाईल नंबर. पत्ता शोधायचा पोलिसांनी आणि पोलीस म्हणतात ग्राहक कोर्टात जा. दीड दिवसाची रजा ह्यात गेली माझी.

म्हणून पत्ता आणि जीएसटी नंबर असलेलं बिल आल्याशिवाय एक रुपया देऊ नका, केसचं सगळं त्या एका कागदावर अडतं. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, पट्टीवरचं आणि कंट्रोलरवरचं व्होल्टेज त्यात दिसू द्या. कनेक्टर जुळत नसेल तर कात्री हातात घेऊ नका, कोणीही काहीही सांगो, न कापलेला माल हाच तुमचा पुरावा. आणि घरातलं पोरगं काही वाचून दाखवत असेल तर ऐका.

मी ९,७६९ रुपये माझ्या पगारातून खजिनदाराकडे भरले, पावती घेतली. मखराला शेवटी मागच्या वर्षीच्या माळा लावल्या.

परवा तोच व्हिडिओ पुन्हा दिसला, नाव वेगळं, दिवाळी ऑफर, तीच निळी-केशरी लाट, आणि मागे भिंतीला तीच तडकलेली टाइल. मी खाली लिहिलं की ह्यांनी मला साधी पट्टी पाठवली, चार पिनची, घेऊ नका. दहा मिनिटांत कमेंट उडाली आणि मला ब्लॉक केलं.